आकडा कुणाचा होता

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी पातळ असते. छातीवर तीन ठिकाणी वायरीच्या टिकल्या चिकटवायच्या, पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची पट्टी गुंडाळायची, आणि काही तासांनी हे सगळं काढून दुसऱ्या जागी लावायचं, हे माझं काम होतं. टिकली काढताना कितीही ओला कापूस फिरवला तरी कधीतरी कातडीचा तुकडा तिच्याबरोबर येतोच. बाळ रडतं, पण त्या रडण्याला आवाज नसतो. तोंड उघडतं, चेहरा आक्रसतो, आणि पुन्हा मिटतो.

सोळा वर्षं मी नांदेडच्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते. दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. जे झालं त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा होता, तेव्हा दुसऱ्या कुणाला ओळखू यावं असं काही लिहायचा मला हक्क नाही.

आमच्या विभागाला खेड्यातली माणसं ‘काचेचा वार्ड’ म्हणत. किनवट, देगलूर, धर्माबाद, आणि शिवेपलीकडच्या तेलंगणातूनही बाळं यायची. मी स्वतः बिलोली तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. तेलुगू मिसळून बोलणाऱ्या बायांशी माझं लवकर जमायचं, म्हणून कुणाला काही समजावून सांगायचं असलं की डॉक्टर मलाच पुढं करत. बाहेरच्या व्हरांड्यात आया आणि सासवा सतरंज्या टाकून बसलेल्या असत. कुणी भाकरी सोडलेली, कुणी पदराआड वाटीत दूध काढत बसलेली. आत आम्ही दोघी-तिघी सिस्टर आणि सात-आठ बाळं.

आणि अलार्म. बाळानं पाय झटकला की पट्टी सरकायची, पट्टी सरकली की मॉनिटर ओरडायचा. धावत जावं तर बाळ निवांत. दिवसातून इतक्या वेळा हे व्हायचं की पहिल्या दोन ठोक्यांना मान वर करायचंही आम्ही सोडून दिलं होतं. तिसऱ्या ठोक्याला उठायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

अशात एका पावसाळ्याच्या शेवटी ती डबी आली. डॉक्टरांच्या ओळखीच्या एका संस्थेनं ती तयार केली होती आणि आमच्याकडं तिची चाचणी घ्यायची होती. जेवणाच्या डब्याएवढं पांढरं खोकं, वाकवता येणाऱ्या दांड्यावर बसवलेलं. बाळाच्या वर हातभर अंतरावर ते धरायचं. त्यातून लहरी निघतात, बाळाच्या छातीवर आपटून परत येतात, आणि छाती किती हलली त्यावरून श्वास मोजला जातो. शेजारी छोटा पडदा, त्यावर हिरवी रेघ आणि मिनिटाला किती श्वास त्याचा आकडा. बाळाला काही चिकटवायचं नाही, बांधायचं नाही, टोचायचं नाही.

डबी घेऊन आलेला इंजिनिअर लातूरचा होता. चाळिशीकडं झुकलेला, बोलायला हळू. पहिल्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्या सिस्टरना भोवती उभं करून सांगितलं, “ही अजून शिकून राहिली आहे. म्हणून छातीवरच्या टिकल्या काढल्या तरी पायाची पट्टी काढायची नाही. दोन्ही चालू ठेवायचं, म्हणजे दोन्हीचे आकडे ताडून बघता येतील. आणि बाळ आईच्या छातीवर असेल तेव्हा हिचा आकडा अजिबात धरायचा नाही.” मी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या अक्षरात, तारीख घालून.

ज्यांच्या बाळांवर डबी लावायची त्या घरच्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा होता. इस्लापूरकडच्या एका खेड्यातून आलेली एक पोरगी तेव्हा आमच्याकडं होती. वय असेल वीस. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. हे दुसरं, मुलगी, सातव्यात झाली. किनवटच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्सनं आली तेव्हा वजन अकराशे ग्रॅम भरलं. पोरीबरोबर तिची सासू होती. सासूला ती मामी म्हणायची. नवरा धर्माबादला मिरचीच्या गोदामात हमालीला, तो रविवारी यायचा. त्याच्या शर्टाला मिरचीचा असा ठसका असायचा की बाळाजवळ सोडण्याआधी मी त्याला अंगावरचं सगळं बदलायला लावायचे. तोही मुकाट्यानं बदलायचा.

कागद घेऊन मी व्हरांड्यात गेले तेव्हा सासूच आधी बोलली.

“काय हाय वो बाई ते?”

“श्वास मोजायची मशीन हाय मावशी. पाळण्यातल्या लेकराची छाती वरखाली होती का ते आपण बघतो न्हाई का, तसं ते वरून बघत राहतं.”

“हात लावीत न्हाई?”

“न्हाई.”

“मग लावा,” पोरगी म्हणाली. तिनं माझ्या हातातला पेन घेतला आणि ठळक अक्षरात सही केली. दहावी झालेली होती. सासूनं तिच्याकडं एकदा बघितलं.

पोरीच्या घाईचं कारण मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी बाळाच्या छातीवरची टिकली काढताना कातडी निघाली होती, आणि ती नेमकी काचेला नाक लावून बघत होती.

पुढचे तीन आठवडे चांगले गेले. बाळाला नळीनं दूध पचू लागलं, ऑक्सिजन निघाला, वजन दहा-वीस ग्रॅमनं वाढायला लागलं. अशी लेकरं अधूनमधून श्वास घ्यायचंच विसरतात. हिलाही ती खोड होती. तळव्यावर टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायची. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा डबीनं मॉनिटरच्या आधी ओळखलं. दोन्हीचे आकडे मी रोज तक्त्यावर लिहायचे. त्यांचा मेळ बसत होता. जुना मॉनिटर खोटं खोटं ओरडायचा, डबी कधीच उगीच वाजली नाही. हळूहळू आम्ही सगळ्या आधी तिच्याकडं बघायला लागलो. इंजिनिअर आठवड्यातून एकदा येऊन तक्ते घेऊन जायचा आणि दर वेळी विचारायचा, “पट्टी चालू आहे ना?” आम्ही हो म्हणायचो, आणि ती असायचीही.

पण त्या पट्टीनं बाळाचे पाय खराब झाले होते. लाल दिव्याची ऊब आणि पट्टीचा दाब, दोन्ही मिळून आधी लाल चट्टा आला, मग फोड, मग उघडी जागा. उजव्या पायावरून डाव्यावर, डाव्यावरून हातावर, असं मी फिरवत होते. शेवटी फिरवायलाही धड जागा राहिली नाही.

तो दिवस बुधवार होता. माझी दुपारची पाळी, दोन ते आठ. तिघी असायला हव्या होत्या. एक रजेवर होती, दुसरीला बाळंतकक्षातून बोलावणं आलं, तिथं जुळं होत होतं. डॉक्टरही तिकडंच. आत आठ बाळं आणि मी.

तीनच्या सुमाराला पोरगी आली. बाळाला रोज दोन तास तिच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कांगारू ठेवतं तसं, असा नेम होता. त्यानं वजन वाढतं, आईचं दूधही वाढतं. तिनं हात धुतले, गाऊन घातला, बाळाच्या शेजारच्या आरामखुर्चीत बसली. मी बाळ तिच्या छातीवर ठेवलं, मान एका बाजूला वळवली, वरून कापड बांधलं. मग पट्टी डाव्या पायाला लावायला घेतली. तिथली खपली ओली होती. पट्टी टेकताच बाळानं पाय ओढला आणि चेहरा आक्रसला.

“सिस्टर,” पोरगी म्हणाली, “आजच्या दिस राहू द्या ना. लई हुळहुळं झालंय. वरची डबी हाय की.”

मी तिच्याकडं बघितलं. मग डबीचा दांडा खुर्चीकडं वाकवला, पडद्यावर रेघ आली, आणि मी पट्टी गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली. अर्ध्या तासानं परत लावू, असा विचार केला होता. वहीत लिहिलेलं मला त्या क्षणी आठवलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवलं नाही असं म्हणाले तर ते खरं असेल, पण पुरतं खरं नसेल. कुठंतरी काहीतरी टोचलं होतं. ते मी बाजूला सारलं, कारण पलीकडच्या बाळाची सलाईनची शीर फुगली होती.

त्या बाळाची सुई काढून नवी लावायला वेळ लागला. एवढ्याशा हातात शीर सापडत नाही. मधे मी दोनदा मान वळवून डबीच्या पडद्याकडं बघितलं. पहिल्यांदा आकडा होता अठ्ठेचाळीस. दुसऱ्यांदा बावीस. बावीस बघून माझ्या मनात आलं, आईच्या उबेला शांत झोपलंय.

एवढंसं बाळ मिनिटाला बावीस श्वास घेत नाही. ते चाळीस घेतं, पन्नास घेतं, साठ घेतं. हे मी शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी सांगायचे. बावीस मोठ्या माणसाचे असतात.

पोरगी मधेच म्हणाली, “सिस्टर, ही घामेजल्यावानी गार कामून लागून राहिली?”

आवाजात घाबरणं नव्हतं. मी सुई तशीच धरून मान वळवली. कापडाच्या वरच्या कडेतून बाळाचं डोकं दिसत होतं. एका बाजूला वळवलेली मान सरळ होऊन पुढं झुकली होती, हनुवटी छातीत रुतलेली. अशा बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. ओढून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. मी धावत जाऊन कापड सोडलं. बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं.

पडद्यावर तेव्हाही हिरवी रेघ चालली होती. आकडा तेवीस.

पुढचं हातांनी केलं. बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरवर, मान सरळ, तोंडातला फेस काढला, मास्क लावून श्वास द्यायची बॅग दाबायला घेतली. तोंडानं मी दाराशी असलेल्या सफाईच्या मावशीला डॉक्टरांना बोलवायला सांगत होते. डॉक्टर धावत आले. छातीवर दोन बोटांनी दाब, औषध, नळी. हृदयाचे ठोके आले. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, “सॅच्युरेशन किती होतं?” ऑक्सिजनचा तो आकडा पट्टी सांगायची. त्यांची नजर ट्रेकडं गेली. पट्टी तिथं नीट गुंडाळून ठेवलेली होती.

पोरगी खुर्चीतच बसून होती, गाऊन उघडा, हात बाळाला धरल्यासारखे पुढं.

“मी बघत होते सिस्टर,” ती म्हणाली. “आकड्याकडंच बघत होते. बावीस, तेवीस, बावीस. मला वाटलं झोपली.”

बाळ आणखी दोन दिवस मशीनवर होतं. दुसऱ्या दिवशी झटके सुरू झाले. डॉक्टरांनी व्हरांड्यात खाली बसून सासूला सांगितलं की मेंदूला मार लागला आहे, आशा धरू नका. नवरा धर्माबादहून आला, गोदामातल्या कपड्यांतच. त्या दिवशी मी त्याला शर्ट बदलायला सांगितलं नाही. तो काचेपाशी उभा राहून खोकत होता आणि खोकला आवरायला तोंडावर हात दाबत होता.

शुक्रवारी सकाळी बाळ गेलं. मी पाळी नसताना आले होते. नळ्या मीच काढल्या, अंग पुसलं. टिकल्या काढताना या वेळी कातडी निघाली की नाही ते मी बघितलं नाही. पिवळ्या फडक्यात गुंडाळून बापाच्या हातात दिलं. सासूनं फडक्याचं टोक वर करून एकदा तोंड बघितलं आणि पुन्हा झाकलं.

पोरगी माझ्यामागून आत आली. तिच्या हातात वाटी होती, दुधानं अर्धी भरलेली.

“हे येऊनच राहिलंय सिस्टर,” ती म्हणाली. “कुठं टाकू?”

मी वाटी घेतली आणि मोरीत ओतली. पाणी सोडलं. दुसरं काय करायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही.

त्याच दुपारी इंजिनिअर लातूरहून आला. सामानाच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्यानं डबीनं बुधवारी नोंदलेलं सगळं लावलं. डॉक्टर होते, इनचार्ज सिस्टर होत्या, मी होते. पडद्यावर एक मोठी संथ लाट होती आणि तिच्या अंगावर बारीक, घाईच्या लाटा बसलेल्या. त्यानं बोटानं दाखवलं.

“हे बारीक आहे ना सिस्टर, हे बाळाचं. आणि हे मोठं…”

“आईचं,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि रेघ पुढं सरकवली. बारीक लाटा वेड्यावाकड्या झाल्या, पातळ झाल्या, मग राहिल्या नाहीत. मोठी लाट तशीच चालत राहिली. मी कापड सोडेपर्यंत सात-आठ मिनिटं. बाळाचा श्वास चालू होता तोवर डबीनं तो मोजला, आणि तो थांबल्यावर समोर जी छाती हलत होती ती मोजली. छाती हलत होती म्हणून अलार्म वाजला नाही.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. मग लॅपटॉप मिटवून, खाली बघत, पुन्हा म्हणाला, “पण सांगून काय होतं. आई जवळ असताना डबीनं आकडा दाखवायलाच नको होता. ते मी करायला पाहिजे होतं.”

मला त्याचा राग आला नाही. माझा त्याला आला असेल तर त्यानं दाखवला नाही.

संध्याकाळी इनचार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मला त्यांनीच कामाला लावलं होतं. “केसपेपरवर पट्टी निसटली असं लिही,” त्या म्हणाल्या. “निसटतातच. आठ लेकरं आन् तू एकटी, कोण बोलणार हाय तुला?”

मी लिहिलं की पट्टी मी काढली, आईच्या छातीवर असताना डबीच्या भरवशावर राहिले. लोक नंतर म्हणाले, मोठं मन लागतं. तसं काही नव्हतं. गुंडाळलेली पट्टी डॉक्टरांनी बघितली होती. ती त्यांनी बघितली नसती तर मी काय लिहिलं असतं, हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी कुणाला भासवत नाही.

चौकशी झाली. मला लेखी समज मिळाली, आणि त्या विभागातून काढून बायकांच्या वॉर्डात टाकलं. डबीची चाचणी थांबली. बाळाच्या घरच्यांना ‘श्वास अडकला’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, “त्या पोरीला याहून जास्त सांगू नका. तिला ते झेपायचं नाही.” मी हो म्हणाले.

दोन महिने गेले. नव्या वॉर्डात काम हलकं होतं, तरी मी घरी येऊन भिंतीकडं बघत बसायचे. माझी मुलगी म्हणायची, जेव. नवरा म्हणायचा, किती दिवस असं करून राहणार? एका रविवारी मी कुणाला न सांगता किनवटची बस धरली. भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला उतरले. पोरीच्या गावातल्या आशाताईला फोन केला होता. बाळासाठी ॲम्ब्युलन्स तिनंच बोलावली होती. ती मला शेताच्या कडेच्या त्यांच्या घरी घेऊन गेली.

ओसरीत कापसाचा ढीग होता. सासूनं पाणी दिलं. पोरगी आतून आली, खाली बसली. वाळली होती. मला बघून तिला बरं वाटलं असावं, कारण ती हसली, आणि ते मला सहन झालं नाही.

मी सांगितलं. पट्टी काढायची नव्हती, ती मी काढली. तू म्हणालीस म्हणून न्हाई, माझ्या मनानं काढली. चूक माझी हाय. पाठ करून आणल्यासारखं मी ते बोलले.

ती जमिनीवर बोट फिरवत होती. मग तिनं विचारलं, “पण आकडा येत होता ना. बावीस. मी सोता बघितला. लेकराचा श्वास बंद झाला होता तर आकडा कुणाचा होता?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं सांगायची तयारी मी करून गेले नव्हते. मशीन बिघडली होती, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं.

“तुझा,” मी म्हणाले.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं श्वास घेतला आणि सोडलाच नाही. मुद्दाम नसावं. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर, छाती वर ओढलेली आणि तिथंच थांबलेली. गळ्याच्या शिरा वर आल्या. आशाताई म्हणाली, “ए, काय झालं गं?” सासू उठली, तिनं पोरीच्या पाठीवर जोरानं थाप मारली, मग दुसरी. तिसऱ्या थापेला तोंड उघडलं आणि आतून जो आवाज आला तो मी इथं लिहून दाखवू शकत नाही.

सासूनं तिला धरून आत नेलं. मी ओसरीत उभी राहिले. थोड्या वेळानं सासू एकटीच बाहेर आली आणि माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. कापूस वेचणाऱ्या बाया कडेनं जात होत्या, त्या पुढं जाईस्तोवर ती थांबली.

“बाई, तुमी लेकराचं लई केलं. ते मी बघितलंय,” ती म्हणाली. “पर आज कामून आलाव तुमी? तुमच्या डोक्यावरचं वझं तिच्या डोक्यावर ठिवायला?”

“तिला खरं कळावं म्हणून…” मी म्हणायला लागले.

“तिला काय करायचं त्या खऱ्याचं? ती श्वास घेणं सोडणार हाय का आता?”

ती मागं फिरली. बस यायला तास होता. मी आणि मागून आलेली आशाताई थांब्यावर बसलो.

परत येताना मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते, हे त्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं. सासूनं ते माझ्याआधी ओळखलं होतं.

पुढच्या वर्षी मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं. तिच्याबरोबर राहायला कुणीतरी हवंच होतं. मी नांदेडची नोकरी सोडली आणि लातूरला एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. शिकवणी वर्गांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, खाली खानावळ, वर आम्ही मायलेकी. बाळांच्या वॉर्डात जावं लागणार नाही, एवढीच माझी अट होती. पण एक दिवस तो इंजिनिअर कॉलेजात आला. डबी सुधारली होती, आता तीन-चार दवाखान्यांत चालू होती, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरींना तिची माहिती द्यायची होती. त्याला मी तिथं असेन हे माहीत नव्हतं. आम्ही दोघंही क्षणभर घुटमळलो.

त्यानं पोरींना सगळं दाखवलं. मोठं माणूस जवळ आलं की ती आता आकडा दाखवत नाही, नुसती आडवी रेघ येते आणि खाली लिहून येतं की पायाची पट्टी बघा. पट्टी जोडलेली नसेल तर ती सुरूच होत नाही. एका पोरीनं विचारलं, “सर, मग हिचा उपयोग काय? पट्टी लावायचीच आहे तर?”

“छातीवरच्या टिकल्या तरी वाचतात,” तो म्हणाला. “निदान तेवढी कातडी.”

मग त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काही बोलावं म्हणून. मी उठले आणि पोरींना सांगितलं की बावीस आकडा दिसला तर तो कुणाचा असतो. कुठं घडलं, कुणाच्या हातून, तेही सांगितलं. एक-दोघींनी वहीत लिहून घेतलं. मीही तसंच लिहून घेतलं होतं, म्हणून त्या लिहिण्याचा मला फारसा भरवसा वाटला नाही.

आशाताईचा फोन सणासुदीला येतो. यंदा तिनं सांगितलं की पोरीला मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, किनवटलाच, तीन किलोला थोडा कमी. मी म्हणाले, बरं झालं. मग ती म्हणाली, “दूध पाजती, सगळं करती. पर पाजून झालं की लगेच खाली ठिवती. छातीवर घेऊन झोपत न्हाई.”

“मग कुणाजवळ झोपतंय ते?”

“सासूजवळ,” ती म्हणाली.